सुपरहिरोपटातला ख्रिस्ती आशय कसा शोधावा: ‘मॅन ऑफ स्टील’ हाताशी धरून

नायकानं दोन्ही हात फैलावले की ‘बघा, वधस्तंभ!’ असं म्हणणारा प्रेक्षक प्रत्येक गटात एक तरी असतोच. त्याचं म्हणणं बहुधा बरोबरही असतं. पण तेवढ्यानं सिनेमाबद्दल फारसं काही कळत नाही. हात फैलावलेली चौकट कुठल्याही कथेत घुसडता येते. क्षमा, शत्रूवरचं प्रेम, आपणहून पत्करलेली असहायता या गोष्टी आणायच्या तर मात्र सगळी पटकथा त्यासाठी राबवावी लागते. म्हणून आविर्भाव मोजत बसू नका, किंमत शोधा. नायक काय गमावतो, कुणासाठी गमावतो, आणि न गमावता सुटण्याची वाट त्याच्यापुढे होती का?

सरावासाठी झॅक स्नायडर दिग्दर्शित ‘मॅन ऑफ स्टील’ (2013) हा सिनेमा सोयीचा आहे. लांबी 143 मिनिटं, सुपरमॅनच्या भूमिकेत हेन्री कॅव्हिल. गोष्ट थोडक्यात: क्रिप्टॉन ग्रह नष्ट होताना जोर-एल आपलं बाळ काल-एल यानातून पृथ्वीवर पाठवतो, ते इथे क्लार्क या नावानं वाढून सुपरमॅन होतं, आणि त्याच ग्रहावरचा सेनानी जनरल झॉड त्याच्या मागावर येतो. सोयीचा अशासाठी, की यातले ख्रिस्ती संदर्भ जाणूनबुजून पेरलेले आहेत. प्रदर्शनाच्या वेळी तर स्टुडिओतर्फे पाळकांसाठी प्रवचनाची टिपणं तयार करून पुरवली गेली होती. तेव्हा ‘हे खरंच आहे, की तुम्हालाच दिसतंय?’ या वादात वेळ जात नाही. धोकाही तिथेच आहे. मुद्दाम पेरलेलं सगळं खोल रुजलेलं असतं असं नाही, आणि जाहिरातवाल्यांनी दाखवलेल्या जागा शोधून काढण्यात आपलं कसब ते काय?

आधी वाचन, पण पहिल्या पाहण्यानंतर

सिनेमा तीनदा पाहावा लागतो. पहिल्यांदा वही नको, थांबवणं नको. संपल्यावर पाच मिनिटांत तीन प्रसंग लिहून ठेवा, जे आतून हलवून गेले ते. धार्मिक वाटोत न वाटोत. हा कागद जपून ठेवा, शेवटी त्याचं काम पडणार आहे. हे टाळून थेट शुभवर्तमान (येशूचं चरित्र सांगणारं बायबलमधलं पुस्तक: मत्तय, लूक, योहान वगैरे) मांडीवर घेऊन बसलात, तर जे शोधायला बसलात तेवढंच सापडेल.

मग वाचन. सगळं बायबल लागत नाही. मत्तय अध्याय 4, 5 आणि 26, लूक 22 आणि 23, योहान अध्याय 1, फिलिप्पैकरांस पत्र 2:5-11, आणि जुन्या करारातलं निर्गम अध्याय 2. तासाभरात होतं. आठवणीवर विसंबू नका. ख्रिस्ती घरात वाढलेल्यांची इथे जास्त फसगत होते, कारण नाताळची नाटकं, चित्रं आणि मूळ मजकूर यांची डोक्यात सरमिसळ झालेली असते. बाळ येशूला भेटायला आलेले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, तीनच होते असं मत्तयात कुठेही म्हटलेलं नाही, तरी ते तीनच आठवतात. तसंच हेही.

दुसऱ्यांदा पाहताना वही घ्या आणि पान आडवं धरून चार रकाने आखा: वेळ, काय दिसतं किंवा ऐकू येतं, कशाची आठवण होते, आणि कुठे जुळत नाही. थांबत थांबत पाहिलं की साडेतीन-चार तास जातात, त्यामुळे दोन बैठका करा. पृथ्वीवर जनरल झॉडचा संदेश येतो तिथे पहिली बैठक तोडावी.

दुसऱ्या रकान्यात एकही धार्मिक शब्द येऊ द्यायचा नाही. ‘ख्रिस्तासारखा तरंगतो’ असं लिहिलंत की निकाल आधी आणि पुरावा नंतर अशी गत होते. ‘पाठीवर, हात खांद्याच्या रेषेत, खाली पृथ्वी, चेहरा शांत’ असं लिहा. कंटाळवाणं वाटेल, पण पुढे तोलताना हाच रकाना उपयोगी पडतो. चौथा रकाना रिकामा राहिला तर ती नोंद अपुरी समजा. न जुळणारं काहीच नाही असा प्रसंग जवळपास सापडत नाही. रिकामा रकाना म्हणजे तुम्ही पुरेसं पाहिलं नाहीत.

तिसऱ्यांदा पूर्ण सिनेमा पाहायची गरज नाही. नोंदवलेल्यांपैकी सात-आठ प्रसंग निवडा आणि प्रत्येक एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून फक्त ऐका. संगीत माणसाला फार लवकर भाविक करतं. आवाज काढल्यावरही प्रसंग तेच सांगत असेल तर अर्थ चित्रात आणि कृतीत आहे. नाहीतर तुम्हाला जे जाणवलं ते वाद्यवृंदाचं काम होतं.

हलके पुरावे लवकर निकाली काढा

तेहेतीस. क्लार्क म्हणतो की तो पृथ्वीवर तेहेतीस वर्षं आहे. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे यात शंका नको. पण बायबलमध्ये येशूचं मृत्युसमयीचं वय कुठेच दिलेलं नाही. लूक 3:23 मध्ये सेवाकार्य सुरू झालं तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता एवढंच येतं. योहानात वल्हांडण या ज्यूंच्या वार्षिक सणाचा उल्लेख तीनदा येतो, त्यावरून परंपरेनं तेहेतीस धरलं. म्हणजे हा धागा शास्त्रवचनापर्यंत नाही, परंपरेपर्यंत जातो. नोंद करा, पाचपैकी एक गुण द्या, पुढे चला.

नाव. काल-एल, जोर-एल. हिब्रू भाषेत ‘एल’ म्हणजे देव, हे खरं. पण 1939 च्या वर्तमानपत्री चित्रपट्टीत वडिलांच्या नावाच्या शेवटी नुसतं ‘L’ हे एक रोमन अक्षर होतं, पूर्ण ‘El’ नंतर आलं. निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर दोघंही ज्यू घरांतले. त्यांना हिब्रू अर्थ ठाऊक असणं सहज शक्य आहे, पण नावावरून ख्रिस्ती हेतू सिद्ध होत नाही.

यानातलं बाळ. इथे पुष्कळांचा पाय घसरतो. मरणाच्या दारातून वाचवण्यासाठी आईबापांनी दूर सोडलेलं आणि परक्यांच्या घरी वाढलेलं मूल हे आधी ज्यूंचा संदेष्टा मोशे याचं चित्र आहे. निर्गम 2 मधला लव्हाळ्याचा पेटारा आठवा. शिवाय हा साचा एकट्या बायबलच्या मालकीचा नाही. कुंतीनं पेटीत घालून नदीत सोडलेला कर्ण काय ख्रिस्तसदृश नायक म्हणायचा? जो आकृतिबंध जगभर आढळतो, त्याला ख्रिस्ती म्हणण्यासाठी आणखी काहीतरी लागतं. रिचर्ड डॉनरच्या 1978 च्या ‘सुपरमॅन’मध्ये ते आहे: तिथे वडील बोलून दाखवतात की माणसांना वाट दाखवणारा प्रकाश हवा आहे म्हणून मी माझा एकुलता एक मुलगा पाठवतो आहे. हे सरळ योहान 3:16 च्या (देवानं आपला एकुलता एक पुत्र दिला) सुरात आहे. तिथे मुलाला पाठवलं जातं, मोशेच्या गोष्टीत त्याला वाचवलं जातं, आणि सगळा फरक त्या क्रियापदात आहे. ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये दोन्ही मिसळलंय. यान सुटताना आईला पोराच्या जिवाची धास्ती आहे, तर बापाला खात्री की तो त्या लोकांना देव वाटेल.

आणखी एक गोष्ट याच भागात सुटते. काल हा क्रिप्टॉनवर कित्येक शतकांनंतर नैसर्गिकरीत्या जन्मलेला पहिला जीव. अलौकिक जन्माच्या कथेची ही उलटी बाजू: जिथे सगळे जन्म यंत्रातून होतात तिथे साधा मानवी जन्म हाच चमत्कार. असे उलटे संदर्भ सरळ संदर्भांपेक्षा जास्त बोलके असतात, म्हणून त्यांच्यासाठी वहीत वेगळी खूण ठेवा.

एक प्रसंग जवळून: चर्चमधली खिडकी

झॉडनं मुदत दिली आहे: काल-एलला आमच्या हवाली करा, नाहीतर परिणाम भोगा. क्लार्क एका चर्चमध्ये जाऊन तरुण पाळकासमोर बसतो. कॅमेरा क्लार्कच्या चेहऱ्यावर येतो तेव्हा त्याच्या खांद्यामागे रंगीत काचेची खिडकी दिसते. तिच्यावर गुडघे टेकून प्रार्थना करणारा येशू आहे, अटकेआधी गेथशेमाने बागेत होता तसा. चौकट अशी लावली आहे की माणूस आणि काचेतली आकृती एकदमच नजरेत यावीत.

बहुतेक जण इथे ‘सापडलं’ म्हणून थांबतात. खरं काम इथून सुरू होतं. खिडकी ही सजावट आहे की कथेचा सांधा, हे क्रमावरून ठरवा. लूक 22 उघडा: बागेतली प्रार्थना (39-46), मग सैनिक, मग अटक. सिनेमात याच क्रमानं चर्च, मग सैन्यापुढे शरणागती, मग बेड्या. बेड्या तो क्षणात तोडू शकतो, पण समोरच्यांना धीर वाटावा म्हणून हात पुढे करतो. याला मत्तय 26:53 ची जोड द्या. पकडायला आलेल्यांसमोर येशू म्हणतो, मी मागितलं तर पिता मला देवदूतांच्या बारा सैन्यांहून अधिक पाठवणार नाही काय? शक्ती असून न वापरणं हा दोन्हीकडचा गाभा आहे. चित्र, क्रम आणि अर्थ असे तीनही स्तर एका जागी जुळले की त्या नोंदीला पाचपैकी चार गुण बिनधास्त द्या.

पाचवा गुण का नाही, ते चौथ्या रकान्यात. गेथशेमानेतल्या प्रार्थनेचा कणा म्हणजे ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’. ती पित्याशी झालेली झटापट आहे. क्लार्क देवाशी बोलतच नाही. त्याचा पेच वेगळाच: झॉडवर भरवसा नाही, पण पृथ्वीवरच्या लोकांवर ठेवावा का? प्रश्न आज्ञापालनाचा नसून विश्वासाचा आहे, आणि तोही माणसांवरच्या. शिवाय गेथशेमानेनंतर मरण येतं, इथे बेड्या लवकरच तुटतात.

आणि तो फैलावलेल्या हातांचा प्रसंग

झॉडच्या यानावर मृत वडिलांची, जोर-एलची, छाया काल-एलला पत्रकार लोइसबद्दल सांगते की तू तिला वाचवू शकतोस, त्या सगळ्यांना वाचवू शकतोस. तो यानातून मागच्या मागे अवकाशात सरकतो, हात आडवे, खाली पृथ्वी. क्षणभर स्थिर. मग अंग वळवून, मूठ पुढे करून लोइसला वाचवायला सूर मारतो. वधस्तंभाची आकृती आणि सुपरहिरोचं उड्डाण एकापाठोपाठ! चित्र सुरेख आहे, पण किंमत शून्य. त्या क्षणी तो काहीच सोसत नाही, उलट सामर्थ्य परत मिळाल्याचा तो क्षण आहे. वधस्तंभाचं चिन्ह वैभव म्हणून वापरलं आणि यातना गाळली. दोन गुण, फार तर.

तेलाच्या विहिरीच्या जळत्या मनोऱ्याखाली दाढीवाला, उघडा क्लार्क हात उंचावून उभा राहतो ती चौकटही दिसायला तशीच. पण तिथे निदान खाली माणसं आहेत आणि वर ओझं आहे.

सगळे विसरतात तो प्रसंग

क्लार्क शाळकरी आहे. गाडीत बसून प्लेटो वाचतोय. (हो, प्लेटो! दिग्दर्शकाची भूक एका ग्रंथावर भागत नाही, हेही वहीत नोंदवा.) टारगट पोरं त्याला बाहेर ओढतात, ढकलतात, डिवचतात. तो हात उचलत नाही. पोरं निघून गेल्यावर त्याला हात देऊन उठवायला येतो तो पीट रॉस. हाच पीट आधी शाळेच्या बसमध्ये क्लार्कला चिडवत होता, आणि बस नदीत कोसळल्यावर क्लार्कनं त्यालाही पाण्यातून वर काढलं होतं. मग कॅमेरा दाखवतो: क्लार्कनं मुठीत धरलेला कुंपणाचा लोखंडी खांब चेपला गेलाय.

इथे हात कुणी फैलावत नाही, चर्च नाही, खिडकी नाही. तरी मत्तय 5:39 मधला ‘दुसरा गाल’ आणि 5:44 मधली ‘आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’ ही आज्ञा दोन्ही कृतीत उतरल्या आहेत, आणि परिणामासकट: वैरी बदलला. चेपलेला खांब सांगतो की संयम फुकट मिळालेला नाही. राग होता, तो लोखंडावर निघाला.

आता उलट बाजू, आणि ती याच प्रसंगात आहे. पृथ्वीवरचे वडील विचारतात, लागलं का? मुलगा म्हणतो, लागू शकत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मार लागतच नसेल तर दुसरा गाल पुढे करण्यात काय जातं? येशूच्या शिकवणीला धार येते ती गाल खरा असल्यामुळे. हा प्रश्न एका सिनेमापुरता नाही, सुपरमॅनच्या मुळाशीच आहे. इसवी सन 451 च्या खाल्केदोनच्या धर्मसभेनं ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य असल्याचं सूत्र मांडलं. त्याच्या बऱ्याच आधीपासून चर्च एका मताशी झुंजत होतं: ख्रिस्त फक्त माणसासारखा दिसत होता, देह आणि वेदना हा आभास होता. सुपरमॅन नेमका तसा आहे, दिसायला माणूस, रक्तामांसानं दुसराच. फिलिप्पै 2:7 मधल्या ‘स्वतःला रिक्त केले’ या शब्दांशी ताडून पाहा. क्लार्क सामर्थ्य झाकतो, सोडत नाही. म्हणून त्याला ‘ख्रिस्ताचं प्रतीक’ म्हणताना जपून. चर्चनं नाकारलेल्या ख्रिस्ताच्या जवळ जाणारं ते प्रतीक आहे.

आणि ट्रकवाल्याचा प्रसंग गाळू नका. हॉटेलात एक ट्रकचालक मोठ्या झालेल्या क्लार्कवर बिअर ओततो. क्लार्क मुकाट निघून जातो. क्षणभर वाटतं, वा, डोंगरावरचं प्रवचन (मत्तय 5 मधलं, ‘दुसरा गाल’ सांगणारं)! मग बाहेर त्या चालकाचा ट्रक ओंडक्यांवर खुपसलेला दिसतो. प्रेक्षागृह हसतं. दुसरा गाल पुढे केला आणि जाता जाता गाडीचा चक्काचूर. ही नोंद ‘जुळत नाही’ रकान्यात मोठ्या अक्षरात.

झॉडचा शेवट तोलताना

चुका सर्वांत जास्त इथे होतात, कारण लोक एकाच बाजूनं लिहितात. झॉड एका कुटुंबावर डोळ्यांतून आग ओकतोय, सुपरमॅन त्याची मान मोडतो, मग किंचाळून कोसळतो. एका वाचनात हा त्यागच: आपल्या वंशातला उरलेला माणूस त्यानं परक्यांसाठी गमावला. दुसऱ्या वाचनात मत्तय 26:52 चं सरळ उल्लंघन: तलवार म्यानात घाल. दोन्ही लिहा, आणि निवाडा करताना सिनेमा स्वतः कुणाकडे झुकतो ते पाहा. शहर जमीनदोस्त झालंय, विजय बळानं मिळालाय, आणि ती किंकाळी काही सेकंदांत संपते. सिनेमाला अपराधाची जाणीव आहे, पश्चात्तापासाठी मात्र वेळ नाही.

झॉडला सैतान ठरवण्याची घाई नको. यानावरच्या स्वप्नात तो काल-एलला नव्या क्रिप्टॉनचं आमिष दाखवतो, त्यात मत्तय 4:8-9 चा मोह (सैतान येशूला जगातली सगळी राज्यं देऊ करतो तो) ऐकू येतो खरा. पण शुभवर्तमानात मोह सेवाकार्याच्या आधी येतो, इथे शरणागतीनंतर. आणि झॉडला आपली प्रजा वाचवायची आहे. सैतानाला तसं काही वाचवायचं नसतं.

दुसऱ्या सिनेमांवर हात चालवून पाहा

‘सुपरमॅन रिटर्न्स’ (2006) मध्ये बरगडीपाशी भोसकलं जाणं, हात फैलावून पृथ्वीवर कोसळणं आणि रुग्णालयातला रिकामा बिछाना हा सरळ दुःखसहनाचा क्रम आहे. योहान 19:34 (सैनिक येशूच्या कुशीत भाला भोसकतो) सोबत ठेवून पाहा, सोपा सराव आहे. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ अमेरिकेत 25 मार्च 2016 ला, ऐन उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) प्रदर्शित झाला. त्यात मृतदेह खाली उतरवण्याची चौकट जुन्या ख्रिस्ती चित्रांवरून घेतल्यासारखी आहे. ‘स्पायडर-मॅन 2’ (2004) मधली आगगाडी थांबवल्यानंतरची हातांवर वाहून नेलेली बेशुद्ध काया याच घराण्यातली. पण चित्र आणि आशय यांतला फरक कळायला ‘स्पायडर-मॅन 3’ (2007) घ्या. चर्चमध्ये एक माणूस मनापासून प्रार्थना करतो, ती शत्रूच्या मरणासाठी. आणि सिनेमाच्या शेवटी पीटर, म्हणजे स्पायडर-मॅन, आपल्या काकांच्या मारेकऱ्याला माफ करतो, तिथे कसलंच धार्मिक चिन्ह नाही. जास्त गुण कुठे जातात हे आता सांगायला नको.

गटात चर्चा घ्यायची असेल तर

तास पुरे. तीन तुकडे, प्रत्येकी तीन-चार मिनिटांचे, त्याहून जास्त दाखवलेत की लोक सिनेमात रमतात आणि बोलणं राहून जातं. ‘येशू कुठे दिसला?’ हा प्रश्न कधीही विचारू नका. उत्तर ठरलेलं असल्यामुळे मुलं ते बक्षिसासारखं शोधतात, आणि गटात ख्रिस्ती नसलेलं कुणी असेल तर ते मिटून जातं. आधी ‘काय दिसलं?’, मग ‘त्याला दुसरं काय करता आलं असतं?’, मग ‘त्याचं काय गेलं?’. शास्त्रवचन त्यानंतर वाचायचं, एकच, मोठ्यानं. ज्यांनी पहिल्या पाहण्यानंतर तीन प्रसंगांचे कागद लिहिले आहेत त्यांचे कागद इथे उघडायचे आणि त्यांपैकी किती नोंदी रकान्यांत आल्याच नाहीत ते मोजायचं. राहून गेलेल्या प्रसंगांवरच पुढची बैठक घ्या.

तुकड्यांचा क्रम: आधी अवकाशातली आडवी आकृती, मग चर्च, शेवटी कुंपण. शेवटच्या तुकड्यात चेपलेल्या खांबावर चित्र थांबवा, दिवे लगेच लावू नका, आणि पहिलं कुणीतरी आपणहून बोलेपर्यंत गप्प राहा.